तारेला टोचलेली पत्रं

सोमवार, रात्री साडेअकरा

आज कानबाईचं विसर्जन झालं, भाऊबंद आपापल्या गाड्या काढून गेले आणि घर एकदम रिकामं झालं. पाय ठणकताहेत पण झोप काही येईना म्हणून वही घेऊन बसले. कानबाई ही आमची खान्देशातली देवी, तिचा सण नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, आणि त्याआधी आमच्याकडे अख्खं घर धुऊन रंगवायचं असतं, माळासुद्धा सोडायचा नाही. त्या साफसफाईतच यावेळी आजीची तार सापडली.

तार म्हणजे टेलिग्राम नाही, खरीच लोखंडी तार, खाली लाकडाचा गोल ठोकळा आणि वर आकडा. पूर्वी गावाकडे सगळ्यांची पत्रं अशीच टोचून ठेवलेली असायची. त्यामुळे आमच्या घरच्या प्रत्येक कार्डाला बरोबर मधे एक भोक आहे आणि नेमकं महत्त्वाचं अक्षर त्याच भोकात गेलेलं असतं.

आजीला आम्ही सगळे मायच म्हणायचो, बापूंसकट, म्हणजे माझ्या वडलांसकट. तिला लिहिता वाचता येत नव्हतं. तिचा भाऊ सुरतेला लूमच्या कारखान्यात होता, आमच्या खान्देशातली निम्मी माणसं तशीही उधना-लिंबायतलाच असतात, भुसावळ-सुरत पॅसेंजरमधे बसलं की गावातच बसल्यासारखं वाटतं. तर तारेवरची पत्रं या मामांची, म्हणजे बापूंच्या मामांची. आणि मायनी त्यांना पाठवलेली कार्डं या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांचा नातू मिठाईच्या पिशवीत घालून घेऊन आला होता, म्हणाला घर विकतोय, तुमचं तुम्हाला. मी तेव्हा ती पिशवी कपाटात कोंबली ती कोंबलीच. काल रात्री सगळे आरतीत होते तेव्हा मी दोन्ही गठ्ठे ओसरीवर समोरासमोर मांडून बसले (आई दोनदा ओरडली).

आजोबा गेले तेव्हा बापू दुसरीत. त्यानंतर मामांच्या प्रत्येक कार्डावर पत्ता बापूंच्या नावाचा, रा. रा. अमुक तमुक, आणि हे रा. रा. गोट्या खेळत असणार! मायचं नाव पत्त्यावर कुठेच नाही. नावाचं म्हणाल तर सातबाऱ्यावरही ती कितीतरी उशिरा चढली. आणि कानबाईच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू मोजताना आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ घेतात, त्यात तर बाईचा प्रश्नच येत नाही. मला रोटही मिळत नाही, लग्न होऊन मी परक्या घरची झाले. जाऊ दे, हा विषय काढला की आत्या चिडते.

मायची पत्रं आधी शाळेतले गुरुजी लिहून द्यायचे, कधी पोस्टमन, बापू चौथीत गेल्यावर बापू. म्हणून एका बाईच्या पत्रात तीन चार अक्षरं आहेत. ती सांगायची अहिराणीत आणि कागदावर उतरायचं पुस्तकी मराठी. ती म्हणायची "आठे बठ्ठं बरं शे अस लिख" आणि खाली काय, तर "येथील सर्व मंडळी खुशाल आहेत, आपली खुशाली कळवावी". बापूंची कार्डं तर फारच भारी, शाळेत शिकवलेल्या पत्रलेखनाप्रमाणे सुरुवात "ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार" आणि दोन ओळींनी एकदम "दादा तुझी बहीण बरी आहे".

आणि सगळे कायम खुशाल! १९७२ चं बघा. दुष्काळ पडलेला, माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, लहानग्या आत्याला बाभळीखाली झोळीत टाकून. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही, हे सगळं आम्ही तिच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ ला झाला पण माय मरेपर्यंत त्याला दुष्काळाचं कामच म्हणायची. आणि त्या १९७२ सालीच सुरतेला गेलेल्या १० पैशांच्या कार्डावर काय लिहिलंय तर, पाऊस थोडा कमी आहे, काळजी नसावी. मामाही काही कमी नाहीत, त्यांचं त्या वर्षीचं कार्ड म्हणतं काम चांगलं चाललंय, आणि त्यांचा कारखाना तेव्हा दोन महिने बंद होता हे मामीनी नंतर स्वतः सांगितलेलं. दोघं भाऊबहीण एकमेकांना वर्षानुवर्षं व्यवस्थित थापा मारत होते, माय म्हणायची "त्याले कशाले घोर लावू".

अजून एक गोष्ट रात्री उशिरा लक्षात आली. या दोन्ही गठ्ठ्यांत कोणीच मरत नाही. आजोबा नाहीत, मामांचा मोठा मुलगा नाही. बरोबरच आहे, निधनाचं कार्ड कोपरा फाडून यायचं आणि दारातच वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचं नाही. म्हणजे पत्रांवरून आमचा इतिहास लिहायचा तर सगळे आनंदात जगले एवढंच निघेल.

१९९४ च्या सुरतेच्या प्लेगचंही काही नाही, कारण तेव्हा मामा स्वतःच पॅसेंजरनी पळून आले होते. गावातले म्हणाले त्यांना मळ्यातच ठेवा, तर मायनी काही न बोलता ओसरीवर त्यांचं अंथरूण टाकलं. एवढी एकच गोष्ट ती अभिमानानी सांगायची.

आणि दुसरी, सपनाची. दुष्काळात एकदा मामांची मनीऑर्डर आली, २५ रुपये. मायनी तर काही कळवलं नव्हतं. मग मामांनीच नंतर सांगितलं म्हणे की मला सपन पडलं, सपनात तू रडत होतीस. आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक राखीला होतेच होते, आत्या तर डोळ्यात पाणी आणून सांगते, भाऊ असावा तर असा. कुपनही तारेवर आहे, "बापूचे वह्या पुस्तकास" इतकंच.

आता काल रात्रीचं. मायकडून गेलेल्या त्या काळच्या एका कार्डावर आत नेहमीसारखं सर्व खुशाल. पण पत्त्याच्या बाजूला, कडेनी, उभ्या ओळीत पेन्सिलनी अगदी बारीक, मी आधी शाईचा डागच समजले होते. मोबाईलचा टॉर्च लावून वाचलं. "मामा मायचे हात फुटले आहे रक्त येते. मी लिहिले असे मायला सांगू नये."

मी किती वेळ तशीच बसले मला माहीत नाही. आत टाळ चालू होते.

आज सगळे गेल्यावर बापूंना ते कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं, म्हणाले "अक्षर बरं व्हतं तव्हय मनं." मी म्हटलं अहो बापू, मग ते सपन? मायला कधीच कळलं नाही का हे?

"मामा आखाजीले उना तव्हय सांगी दिधं त्यानी तिले," बापू म्हणाले. "तिनी मना कान धरा, मंग हासनी." आणि कार्ड मला परत न देता खिशात घालून गोठ्याकडे गेले.

आत्याला सांगायचं की नाही ते अजून ठरत नाहीये.