सँटोरिनीच्या 588 पायऱ्या, आणि जहाजाची टूर कुठे घ्यावी, कुठे नाही

आधी पायऱ्यांचं सांगतो, कारण ते डोक्यातून जात नाही.

सँटोरिनी या ग्रीक बेटावर फिरा नावाचं गाव कड्याच्या माथ्यावर आहे आणि जुनं बंदर त्याच्या थेट खाली. उंची साधारण सव्वादोनशे मीटर. वर-खाली करायला तीन मार्ग: केबल कार, गाढव किंवा पाय. पायऱ्या 588. पुणेकरांसाठी हिशोब सोपा आहे, पर्वतीच्या 103, म्हणजे पावणेसहा पर्वत्या. पण पर्वतीवर गाढवं दिवसभर ये-जा करत नाहीत. इथे करतात. आम्ही रात्री साडेआठला उतरायला लागलो तेव्हा गाढवं कामावरून सुटून घरी गेली होती, लीद मात्र जागेवर होती. रुंद, उतरत्या, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या, त्यावर ताजा थर, हातात मोबाईलचा टॉर्च आणि खाली जहाजावर परतायची नऊची शेवटची बोट. बायको दोनदा बसली. मेव्हणी एकदा. मी बसलो नाही, आडवा झालो.

आता इथवर कसे पोचलो ते.

गेल्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, आम्ही चौघं (मी, बायको, तिची थोरली बहीण आणि साडू) अथेन्सच्या पिरेयस बंदरातून चार रात्रींच्या ग्रीक बेटांच्या क्रूझवर गेलो. मिकोनोस, कुशादासी, पॅटमॉस, रोड्स, हेराक्लिओन, सँटोरिनी आणि परत. पाच दिवसांत सहा बंदरं, म्हणजे कुठेच दिवसभर नाही. काही ठिकाणी चार-पाच तास. बंदरावर उतरून फिरायला दोन पर्याय: जहाज कंपनीच विकते ती सहल, म्हणजे जहाजाची टूर, किंवा स्वतः ठरवलेली बाहेरची गाडी. नियोजन साडूंकडे. त्यांनी दोन महिने व्हिडिओ पाहिले होते आणि निष्कर्ष एकच काढला होता: "जहाजाची टूर म्हणजे लूट. बाहेर निम्म्या पैशात गाडी मिळते." तरी कुशादासीला ताईंनी हट्टानं जहाजाची टूर घ्यायला लावली, कारण तुर्कस्तान, भाषा येत नाही, उगाच भीती. सँटोरिनीला मात्र युरोप, सगळे इंग्रजी बोलतात, म्हणून बाहेरची गाडी.

नेमकं उलटं करायला हवं होतं. दोन्हीकडे.

कुशादासीला जहाज थेट धक्क्याला लागतं. उतरलात, बंदराच्या दारातून बाहेर आलात की समोर टॅक्सीस्टँड. एफेसस, म्हणजे प्राचीन शहराचे अवशेष, वीसेक किलोमीटर. रस्ता चांगला. हरवायला काही नाही, उशीर व्हायला काही नाही. अशा ठिकाणी आम्ही माणशी 75 युरो देऊन 44 जणांच्या बसमध्ये बसलो. युरो शंभर रुपयांच्या वर गेलेला, गुणाकार तुम्हीच करा. गाईड चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. वरच्या दारातून आत नेलं, खालच्या दारातून बाहेर काढलं, म्हणजे सगळा उतार. सेल्ससचं ग्रंथालय पाहिलं, पंचवीस हजार माणसं बसायचं ते थिएटर पाहिलं. पण टेरेस हाउसेस, म्हणजे रोमन श्रीमंतांची घरं, जिथे भिंतीवरची चित्रं आणि फरशीची नक्षी अजून शाबूत आहे, ती टूरमध्ये नव्हती. वेगळं तिकीट लागतं. आणि आर्टेमिसचं देऊळ, जे प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांपैकी एक, ते बसच्या खिडकीतून "उजवीकडे बघा" एवढ्यावर आटोपलं. उभा एकच खांब आहे हे खरं, पण पाच मिनिटं उतरवलं असतं तर काय बिघडलं असतं?

वेळ नव्हता म्हणे. कारण पुढे गालिच्याचं दुकान होतं.

टूरच्या कागदावर ते "पारंपरिक विणकामाचं प्रात्यक्षिक" असं होतं. प्रात्यक्षिक दहा मिनिटं. कोशातून रेशीम काढतात, ते बघण्यासारखं आहे, खोटं का बोला. मग सफरचंदाचा चहा आला, दार लोटून घेतलं गेलं आणि चाळीस मिनिटं गालिचे उलगडत राहिले. एकेका जोडप्याला एकेक विक्रेता चिकटला. आम्हाला मिळालेल्याला "मुंबई" आणि "शाहरुख" हे दोन शब्द येत होते आणि त्यानं ते भरपूर वापरले. साडू भाव करायला बसले. घ्यायचा नसताना! पन्नास मिनिटं तिथे आणि एफेससमध्ये जेमतेम दोन तास.

जहाजावर परतल्यावर ठाण्याचं एक जोडपं भेटलं. त्यांनी परवानाधारक स्थानिक गाईड आणि गाडी आधीच ठरवली होती. टेरेस हाउसेस झाली, देवळापाशी उतरले, गावात जेवले आणि गालिचा नाही. दोघांचा खर्च आमच्या चौघांपेक्षा कमी. चौघांनी वाटला असता तर विचारायलाच नको. त्यांनी बुकिंगच्या मेलमध्येच लिहून घेतलं होतं: कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. हे करा. तोंडी नको. बंदराबाहेर ऐनवेळी घेतलेली टॅक्सीही कमिशनपोटी दुकानाशी थांबू शकते, त्यामुळे "बाहेरची गाडी म्हणजे दुकान नाही" असं समजू नका. आणि तुर्कस्तानात गाईडला परवाना लागतो. नुसता ड्रायव्हर घेतलात तर तो दारापर्यंत. आत तुम्ही आणि तुमचा फोन. ड्रायव्हरला वरच्या दाराशी सोडायला आणि खालच्या दाराशी घ्यायला सांगा, नाहीतर उन्हात तोच चढ परत चढाल.

आता सँटोरिनी.

इथे जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या स्फोटानं बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र भरला. तो इतका खोल आहे की मोठी जहाजं नांगरही टाकत नाहीत, इंजिनावर जागा धरून राहतात. लोकांना लहान बोटींनी उतरवतात, त्याला टेंडर म्हणतात. आणि हे कुठल्याही व्हिडिओनं साडूंना सांगितलं नव्हतं (सांगितलं असेल, त्यांनी पुढे ढकललं असेल): जहाजाची टूर घेतलेले आधी उतरतात. शिवाय त्यांची बोट वेगळ्या बंदराला, अथिनिओसला जाते. तिथे बस उभी असते, ती वळणावळणाच्या रस्त्यानं वर जाते. उरलेल्यांना फिराच्या पायथ्याच्या जुन्या बंदरात सोडतात. तिथे गाडीरस्ताच नाही. तुमचा ड्रायव्हर वर, तुम्ही खाली, मधे तो कडा.

जहाज साडेचारला पोचलं. टूरवाले छातीवर गोल स्टिकर लावून गेले. आमच्या टेंडरचा नंबर पावणेसहाला लागला. खाली केबल कारची रांग. एका खेपेला सहा डबे, एका डब्यात सहा माणसं, म्हणजे छत्तीस. वर जायला दोन-तीन मिनिटंच लागतात, पण त्या संध्याकाळी आमच्याखेरीज आणखी दोन जहाजं उभी होती. फिराला पोचेस्तोवर साडेसहा होत आले. ड्रायव्हर पाच वाजल्यापासून उभा. त्यानं शांतपणे वेटिंगचे 40 युरो सांगितले. साडू भडकले. "अहो, जहाज उशिरा सोडतं त्यात आमची काय चूक?" त्याची तरी काय चूक होती? हे मला आत्ता कळतंय. तिथे मीही साडूंच्या बाजूनं घसा कोरडा केला आणि त्यात दहा मिनिटं घालवली.

ओइया फिरापासून अकराएक किलोमीटर. सूर्यास्त पाहायला अख्खं बेट तिकडेच निघालेलं. सातला पोचलो, साडेसातच्या सुमारास सूर्य बुडाला. सुंदर होता. फोटो आहेत. लगेच परत फिरलो, पुन्हा तीच गाड्यांची रांग, फिराला आठ वीस. आणि केबल कारच्या खिडकीपासून निघालेली माणसांची रांग गल्लीत वळून दुकानांच्या पलीकडे गेलेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या रांगेत स्टिकरवालेही होते. जहाजाची टूर तुम्हाला वर नेते बसनं, पण बहुतेक टूर फिरालाच संपतात आणि खाली यायचं तिकीट हातात ठेवतात. रांग त्यांनाही चुकत नाही. फरक एवढाच की ते निवांत आइस्क्रीम खात उभे होते. त्यांच्या एका गाईडला मी विचारलं, शेवटची बोट चुकली तर? ती म्हणाली, "माझा ग्रुप आल्याशिवाय जहाज हलणार नाही." मग माझ्या छातीकडे पाहिलं. स्टिकर नव्हता. पुढे काही बोलली नाही, बोलायची गरजही नव्हती. टूर जहाजाची असेल तर उशीर ही जहाजाची जबाबदारी. तुमची गाडी अडकली तर जहाज जातं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून. ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर हे आणखी महागात पडू शकतं, म्हणून पासपोर्ट कायम जवळ किंवा निदान त्याचा फोटो तरी. शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच काढा. तुर्की व्हिशाचं बुकिंगच्या वेळीच जहाज कंपनीला लेखी विचारा.

तर आम्ही पायऱ्यांनी उतरलो. आठ पंचविसाला सुरुवात, आठ पंचावन्नला खाली. साडूंचा गुडघा त्यानंतर दोन दिवस सुजला होता, आणि ते रोज कात्रजची टेकडी चढणारे गृहस्थ आहेत. तरी मी म्हणेन: गुडघे धड असतील तर खाली येताना रांगेपेक्षा पायऱ्या खात्रीच्या, कारण वेळ तुमच्या हातात असते. पण उजेड असताना या. सोलचे दात शाबूत असलेले बूट घाला. कड्याच्या बाजूनं नको, भिंतीला धरून चाला. गाढवं वर येत असतील तर तुम्हीच बाजूला व्हा, ती होत नाहीत. आणि वर जायला गाढवावर बसू नका. त्या जनावरांची अवस्था पाहवत नाही.

पैशांचा हिशोब: जहाजाची टूर माणशी 79, चौघांची 316 युरो. आमची गाडी 200, वेटिंग 40, वर केबल कारची चार तिकिटं. वाचले ते नावापुरते, आणि बेटावर मिळाले दोन तास कमी. 2025 च्या जुलैपासून ग्रीसनं क्रूझच्या प्रवाशांवर कर लावलाय. सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी 20 युरो. तो टूर घ्या न घ्या, बिलात येतोच, त्यामुळे तो कशात धरू नका.

म्हणून माझा नियम आता एका प्रश्नावर आलाय: जहाज धक्क्याला लागतं की टेंडर? धक्का असेल आणि ठिकाण तासाभराच्या आत असेल, तर स्वतःची गाडी. टेंडर असेल आणि वेळ पाच तासांच्या आत, तर गपगुमान जहाजाची टूर, पैसे मोजा, स्टिकर लावा. एकाच वेळी किती जहाजं बंदरात असणार हे बंदरांच्या वेळापत्रकात आधी दिसतं, ते बघा. तीन दिसली तर स्वतःच्या गाडीचा विचारच करू नका.

बाकीची बंदरं पटकन. हेराक्लिओनला धक्का आहे. नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, पाच किलोमीटर, शहराची 2 नंबरची बस जाते. तिथे टूर घेणं म्हणजे शनिवारवाडा पाहायला विमान करण्यासारखं. फक्त तिकीट आधी ऑनलाइन काढा. लाल खांब पाहून हुरळू नका, त्यातलं बरंच विसाव्या शतकात तिथलं उत्खनन करणाऱ्या इव्हान्ससाहेबानं काँक्रीटमध्ये उभं केलेलं आहे. मिकोनोसला नव्या बंदरातून गावात जायला सी-बस (प्रवासी बोट) आहे, टॅक्सीच्या नादी लागू नका. पॅटमॉसला मठासाठी टॅक्सी वाटून घ्या, गुडघे-खांदे झाकलेले हवेत. रोड्सला जहाजातून उतरून चालत तटबंदीच्या आत. त्याच बेटावरच्या लिंडोस गावाला जायचंच तर पन्नास किलोमीटर आहे, भाडं बसण्याआधी ठरवा. आम्ही गेलो नाही. दिवस छान गेला, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

गाडी ठरवताना जहाज पोचण्याच्या वेळेला भेट ठरवू नका. धक्क्याला किमान पाऊण तास पुढे धरा, टेंडरला दीड तास, आणि वेटिंगचा दर आधीच लिहून घ्या. परतीची वेळ ड्रायव्हरला सांगताना जहाज सुटण्याची नाही, त्याच्या तासभर आधीची सांगा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर जाणार असाल तर ग्रीसचं घड्याळ तासानं मागे येतं, तुर्कस्तानचं येत नाही. तेव्हा कुशादासीला फोनवरची वेळ बघू नका, जहाजाची बघा.

आणि बूट. केबिनच्या बेसिनमध्ये शॅम्पूनं तीनदा धुतले. वास गेला नाही. पिरेयसला उतरताना कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिले आणि दुपारी सँडल घालून अ‍ॅक्रोपोलिस चढलो. तिथला संगमरवर सँटोरिनीच्या पायऱ्यांपेक्षा निसरडा आहे. सँडल नको.