लोअर परळची पार्टी आणि गिरगावातले टॉर्टिया

मी केटरिंगमध्ये आहे, ऑफिस पार्ट्या जास्त असतात आणि हल्ली लाइव्ह काउंटर म्हटलं की क्लायंटला पास्ता नाहीतर मेक्सिकन हवं असतं. गेल्या डिसेंबरात लोअर परळला अशीच एक पार्टी, संध्याकाळची, दीडशे माणसं. सकाळी फ्रोझन टॉर्टियाचा, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळ्यांचा, माल उघडला तर सगळी पाकिटं वाटेत वितळून पुन्हा गोठलेली, एक सोडवायला गेलं की चार फाटतायत. सप्लायर शांतपणे म्हणाला दुसरा लॉट सोमवारी. सोमवारी काय करू, तोरण लावू?

पोरगा क्रॉफर्ड मार्केटला पिटाळला, इम्पोर्टेड पाकिटं मिळाली पण, तो माल महिनोनमहिने टिकावा म्हणून प्रिझर्वेटिव्हवाला असतो, पाकीट फोडलं की आंबूस वास आणि नीट गरम न करता दुमडला की घडीवर तडा. शेफ म्हणाले रुमाली घे. रुमाली मला जाम आवडते पण राजमा आणि सालसा भरला की पाच मिनिटांत खालून गळते. मग आठवलं गिरगावातलं पोळीभाजी केंद्र, टॅक्सी केली आणि सुटलो.

"काकू, मैद्याच्या हव्यात, पण घडी नको आणि तेल नको."

"मग पोळी कसली रे ती?"

मैद्याचा टॉर्टिया मुळात उत्तर मेक्सिकोतला, सोनोरा वगैरे भागातला, स्पॅनिश लोकांनी गहू नेला त्यानंतरचा, बाकी तिकडे मक्याचाच जोर. त्यात डुकराची चरबी घालतात, आपल्या गिऱ्हाइकापुढे ते नावही काढायची सोय नाही, म्हणून डालडा. किलोभर मैद्याला दीडशे ग्रॅम डालडा, चमचा-दीड चमचा मीठ आणि अर्ध्या लिटरच्या आसपास चांगलं गरम पाणी. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे शंकरपाळ्यासारखं मोहन. बरोब्बर तेच.

पहिल्या घाण्याला हाताच्या सवयीने तेल लागलं, घडी पडली, पोळ्या टम्म फुगल्या. दिसायला झकास पण सारण भरलं की वरचा पापुद्रा सुटून हातात. मग घडी न घालता लाटलं तर मैदा लाटावा तेवढा परत आखडतोय, आणि इकडे माझा फोन वाजतोय. काकू ढिम्म. लाट्या केल्या, ओलं फडकं टाकलं, "पीठ मुरू दे रे, अर्धा तास जा चहा पिऊन ये." त्या अर्ध्या तासात माझं बीपी कुठे गेलं असेल विचारू नका.

पण परत आलो तर तीच लाटी लाटण्याखाली मुकाट पसरत होती. तवा असा तापवलेला की टाकल्या टाकल्या बुडबुडे, अर्ध्या मिनिटात खाली तपकिरी ठिपके, उलटायची, पुन्हा तेवढंच, की लगेच फडक्यात. मंद आचेवर रेंगाळली की कडक होते, आणि फडक्यात थप्पी झाकून ठेवली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. थप्पीतली मधली एक काढून चार घड्या घातल्या, तडा नाही, उलगडली तर पुन्हा सपाट.

एकच भानगड, तवे पोळीच्या मापाचे, त्यामुळे साईज आठ इंच, फार तर नऊ. बरिटो म्हणजे सारण भरून बंद केलेली गुंडाळी, ती गुंडाळायला बारा इंची लागतो. मग बरिटो रद्द, सॉफ्ट टाको (सारण भरून नुसता दुमडलेला) आणि केसाडिया (चीज भरून, दुमडून भाजलेला). क्लायंटकडची इव्हेंटवाली मॅडम मेन्यूकार्ड घेऊन मागे लागली, तिला थोडं तोंड द्यावं लागलं, काउंटरला मात्र लाइन हटत नव्हती.

आता छोट्या साईजचा सगळा माल काकूंकडून, आदल्या दिवशी सांगायचं, सकाळचा माल संध्याकाळी संपवायचा कारण दुसऱ्या दिवशी तो वातड होतो. रेट पोळीच्या दुप्पट लावतात आणि मी घासाघीस करत नाही, मैदा लाटून खांदे भरून येतात हे डोळ्यांनी बघितलंय. बरिटोसाठी अजून फ्रोझनच घ्यावा लागतो, वेगळ्या सप्लायरचा. मोठा तवा आणून देतो म्हटलं तर काकू म्हणाल्या, "आधी तेवढा पोळपाट आण, आणि तो ठेवायला जागा पण तूच आण."