बंदुकीच्या नळीवरचा सांधा

आमच्या संग्रहालयाच्या दाखल नोंदवहीत या शिल्पाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : ‘उभा सैनिक, कांस्य, उंची २१ इंच.’ ही उंची बैठकीसह मोजली की बैठक वगळून, बंदूक कोणत्या हातात होती, शिल्पकाराची सही कुठे होती, यांपैकी काहीही त्या ओळीत नाही. शिल्प एका कार्यालयाच्या दर्शनी दालनात ठेवण्यासाठी उसने दिले होते, त्याची पोचपावती आमच्याकडे आहे. पुढे त्या कार्यालयाने जागा बदलली, आणि संग्रहाची फेरतपासणी करताना आम्ही विचारणा केली तेव्हा शिल्प कधी नाहीसे झाले हे सांगू शकेल असा एकही माणूस तिथे उरला नव्हता. उसन्या दिलेल्या वस्तूची दरवर्षी प्रत्यक्ष पाहणी करायची हा नियम आमचाच, आणि तो मोडलाही आम्हीच. अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात मी हे लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही, तरी ते मी काढले नाही.

कांस्यशिल्प हरवले की पहिली भीती वाटते ती भट्टीची. डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमध्ये शिल्पकार हेन्री मूर यांचे दोन टनांहून अधिक वजनाचे पहुडलेल्या आकृतीचे शिल्प चोरांनी क्रेन लावून पळवले, आणि ते भंगारात जाऊन वितळले असावे असा पोलिसांचा निष्कर्ष होता. फ्रान्समध्ये तर ११ ऑक्टोबर १९४१ च्या कायद्याने सरकारनेच चौकाचौकांतले कांस्यपुतळे धातूसाठी उतरवले. आमच्या सैनिकाबाबत मला आशा होती ती त्याच्या आकारामुळे. पोकळ ओतलेल्या एवढ्याशा शिल्पात धातू फारसा नसतो आणि टेबलावर मांडता येईल अशी वस्तू घेणारे पुष्कळ असतात, म्हणून ते भंगारवाल्यापेक्षा लिलावगृहाकडे जाण्याचा संभव अधिक होता.

नोंदवहीतून जे मिळाले नाही ते दुरुस्तीच्या खात्यातून मिळाले. कधीकाळी बंदुकीच्या नळीचे टोक मोडले होते आणि आमच्या तेव्हाच्या दुरुस्तीकाराने ते चांदीच्या डाखाने जोडले होते. त्या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही, पण त्यांची दोन पाने मी आता पाठ म्हणू शकेन. डाख देताना उष्णतेने कुठे काही वाकले तर कळावे म्हणून त्यांनी कॅलिपरने तीन अंतरे जोडण्याआधी आणि नंतर मोजून ठेवली होती : बंदुकीची लांबी १८७.० मि.मी., हनुवटीपासून शिरस्त्राणाच्या टोकापर्यंत ४१.५, आणि दोन टाचांमध्ये ९६.२. नळी जोडताना टोक किंचित डावीकडे कलले आणि सांध्याभोवती डाखाचा बारीक उंचवटा राहिला, तोही त्यांनी झाकला नाही, उलट त्याचे चित्र काढून ठेवले. चोरीस गेलेल्या कलावस्तूंच्या वर्णनासाठी १९९७ पासून ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा नमुना प्रचलित आहे. त्यात ओळखीच्या विशेष खुणांसाठी वेगळा प्रश्न असतो, कारण दोन ओतीव प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांना वेगळे पाडतात ती व्यंगे आणि डागडुज्याच. पोलिसांकडे व त्यांच्यामार्फत इंटरपोलच्या माहितीसाठ्याकडे पाठवायचा नमुना मी या दोन पानांच्या बळावरच भरू शकलो.

त्यानंतरचे बरेच महिने जुन्या लिलावांच्या सूच्या चाळण्यात गेले. अखेर एका सूचीत ‘पहारेकरी’ या नावाखाली डावीकडे कललेल्या टोकाची बंदूक दिसली. लिलावगृहाने खरेदीदाराचे नाव देण्यास नकार दिला, पण आमचे पत्र पुढे पाठवले, आणि ज्या बाईंकडे आता ते शिल्प होते त्यांनी स्वतःहून आम्हाला बोलावले.

मी शिल्प हातात घेतले आणि अंगठा नळीवरून फिरवला. चित्रात जिथे होता तिथेच उंचवटा लागला. मी सहकाऱ्याकडे पाहून ‘हेच’ म्हणालो, आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो शब्द मी इतक्या घाईने उच्चारायला नको होता.

मग कॅलिपर लावला. बंदूक १८३.४ भरली. मापात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजले, नंतर सहकाऱ्याने मोजले. हनुवटी ते शिरस्त्राण ४०.७, टाचांमध्ये ९४.३. तिन्ही अंतरे कमी, आणि तिन्ही जवळजवळ दोन टक्क्यांनीच कमी. मापातल्या चुका अशा एका प्रमाणात पडत नाहीत. तयार कांस्यशिल्पावरून साचा काढून त्यात मेण भरले आणि मेणाच्या जागी कांसे ओतले, तर ते थिजून निवताना सुमारे दीड ते दोन टक्के आकसते. त्यामुळे अशी नक्कल मुळापेक्षा लहान भरते आणि तिचे बारकावेही बोथट होतात. बुटांच्या नाड्या मेणचट का वाटत होत्या हे मला तेव्हा उमगले. बाईंच्या परवानगीने सांध्यावरचा आणि नळीवरचा प्रत्येकी एक बिंदू साफ केला, कारण वरच्या पाटिन्यातून, म्हणजे कांशावरच्या रंगीत थरातून, घेतलेले वाचन फसवते, आणि क्ष-किरण टाकून धातूत कोणकोणती मूलद्रव्ये आहेत ते दाखवणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या हातयंत्राने धातू तपासला. सांध्यावर चांदी नव्हती. नळीत जे तांबे, कथील आणि जस्त होते तेच सांध्यातही होते. तो सांधा मुळी सांधा नव्हताच. आमच्या दुरुस्तीकाराने दिलेल्या डाखाचा तो ठसा साच्यातून उतरून कांशात ओतला गेला होता.

म्हणजे आमचा सैनिक दुरुस्तीनंतर अशा कुणाच्या तरी ताब्यात होता ज्याने त्याच्यावरून साचा काढला, किंवा काढवून घेतला. साचा काढायला निघालेला माणूस मूळ शिल्प सहसा वितळवत नाही, आणि म्हणून मला पहिल्यापेक्षा आज अधिक आशा वाटते. पण एका साच्यातून किती प्रती निघाल्या असतील हे मोजता येत नाही, आणि ही प्रत लिलावात कोणी आणली याचा माग कागदांत मिळत नाही.

बाईंना मी सगळे समजावून सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तुमचे नसले तरी तुम्हाला उपयोगी पडेल तेव्हा मागा, मी देईन.” इतका सरळपणा मला आमच्या बैठकीत मात्र दिसला नाही. तिथे असे सुचवले गेले की बाई देतच आहेत तर प्रत स्वीकारावी, नोंदवहीत ‘सापडले’ लिहावे आणि प्रकरण मिटवावे. नाहीतरी २१ इंच की साडेवीस हे कोण मोजणार. हा सल्ला मला लाजिरवाणा वाटला आणि तसे मी बोललो. एका ओळीच्या नोंदीमुळे जे शिल्प आम्ही गमावले, त्याच्या जागी त्याच ओळीच्या आधाराने दुसरे बसवायचे, याला मी सही देऊ शकत नव्हतो.

रकान्यात अजूनही ‘गहाळ’ असेच आहे. पोलिसांकडच्या वर्णनाला मी सांध्याची दोन छायाचित्रे आणि तिन्ही अंतरांचे दोन संच जोडून पाठवले आहेत : ज्याची बंदूक १८७.० भरेल आणि ज्याच्या सांध्यात चांदी निघेल ते आमचे, १८३.४ भरेल ते त्याच साच्यातले, आणि ते कुणाकडे असेल त्याला ते कुठून आले एवढेच आम्हाला विचारायचे आहे.