एका सीडीसाठी चार चकरा

पप्पांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, चालू आहे, दर ३ आठवड्यांनी सलाईन. बायोप्सी, पीडी-एल१ टेस्ट (हे औषध लागू पडायची शक्यता किती ते बघायची), इन्शुरन्सची मंजुरी, सगळं वेळेत झालं. पण पहिल्या सीटी स्कॅनच्या सीडीसाठी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

९ आठवड्यांनी दुसरा सीटी केला तर ३८ मिमीची गाठ ४७ झालेली. आई म्हणाली औषध लागूच पडत नाहीये. पण पप्पांचा खोकला कमी होता, भूक लागत होती. डॉक्टर म्हणाले, घाई नको, या औषधात कधीकधी आपल्याच रोगप्रतिकारक पेशी गाठीत शिरतात आणि ती फुगलेली दिसते, याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, फार थोड्या पेशंटमध्ये होतं, पण तब्येत चांगली असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी परत स्कॅन करून मगच ठरवायचं. इम्युनोथेरपीत गाठ वाढली की कमी झाली हे स्कॅनवरून कसं ठरवायचं याची आयरेसिस्ट म्हणून २०१७ची नियमावली आहे, तिच्यात हेच आहे. जुन्या नियमात २०% वाढली की औषध फेल.

सेकंड ओपिनियनला ज्या मॅडमकडे गेलो त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, म्हणाल्या मला पहिल्या स्कॅनचा डायकॉम डेटा आणा, म्हणजे मशीनच्या मूळ इमेज ज्यांच्यावर मोजमाप घेता येतं, आणि तोही पातळ स्लाइसचा (सीटी शरीराचे आडवे काप दाखवतो, ते जितके पातळ तितका तपशील जास्त), दोन्ही स्कॅन शेजारी लावून मीच बघते.

पहिली चकर. धायरीहून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून सेंटरला पोचले, ५०० रुपये भरले, सीडी घेतली. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, शेजारच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली तर आत १४ फोटो, साधे जेपेग! दुसऱ्या वेळी काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ताई सगळ्यांना हीच देतो, कोणी तक्रार करत नाही. अहो, फोटोवर मोजमाप कसं घेणार? तिसऱ्या वेळी डायकॉम मिळाला, पण मॅडमच्या असिस्टंटनी उघडून सांगितलं की या ५ मिमीच्या स्लाइस आहेत, १ मिमीच्या पाहिजेत. चौथ्या वेळी मी पप्पांची फाईल घेऊन तिथेच बसून राहिले, दोन तास. शेवटी आतले टेक्निशियन बाहेर आले, तेच एक सरळ बोलले, की पातळ स्लाइस आम्ही कायम ठेवत नाही, जागा लागते म्हणून ठराविक दिवसांनी मशीनवरून उडवतो, तुमच्या अजून आहेत, आठ दिवसांनी आला असता तर गेल्या होत्या. माझे हातपाय गार पडले. पेशंटला हे आधी कोणी का सांगत नाही? पैसे आम्ही भरलेत, शरीर पप्पांचं आहे.

सीडी तिथेच उघडून बघा. डायकॉमडीआयआर नावाची फाईल आणि शेकड्यांनी इमेज दिसल्या तर बरोबर, चारदोन फोटो असतील तर परत करा.

मॅडमनी अर्धा तास स्क्रीनवर दाखवलं, गाठीची कडा, आतला पोत. म्हणाल्या की कॉम्प्युटरने हाच पोत मोजून औषध कोणाला लागू पडेल हे आधीच ओळखता येईल का यावर संशोधन चालू आहे, रेडिओमिक्स म्हणतात, २०१८ मध्ये फ्रान्सच्या टीमने सीटीवरूनच गाठीतल्या सीडी८ पेशींचा (कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) अंदाज बांधला होता. पण रोजच्या उपचारात ते अजून आलेलं नाही, आणि स्लाइसची जाडी बदलली की आकडेही बदलतात. तेव्हा कळलं १ मिमीसाठी त्या एवढ्या का अडून बसल्या.

हो, आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच मशीनवर, तसाच कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) देऊन स्कॅन करा म्हणजे तुलना नीट होते. क्रिएटिनीनचा (किडनीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट न्या, नाहीतर त्यासाठी परत पाठवतात.

६ आठवड्यांनी परत स्कॅन झाला. या वेळी पप्पांना आत सोडायच्या आधीच काउंटरवर लेखी अर्ज दिला, 'पातळ स्लाइससह संपूर्ण डायकॉम', आणि पोच घेतली. संध्याकाळी सीडी हातात. गाठ ३१ मिमी. आईने रिपोर्ट दोनदा वाचायला लावला.