गॅदरिंगमधला फादर डेमियन

आमच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असायचं. नाच बदलायचे, गाणी बदलायची, पण दोन गोष्टी फिक्स, एक म्हणजे ऐनवेळी माइक बंद पडणार आणि दुसरी म्हणजे कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या फादर डेमियनचं नाटक. ३ जानेवारी हा त्यांचा वाढदिवस, १८४० सालचा, बेल्जियममधल्या त्रेमेलो गावातला, म्हणून कधीकाळी कुणीतरी ही प्रथा पाडली आणि मग ती मोडायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

नाटक लिहिलेलं आमच्या इतिहासाच्या सरांनी. डेमियनचं काम कायम दहावीतल्या उंच मुलाला, बाकी आम्ही सगळे पेशंट. मी पाचवी ते नववी पाच वर्षं पेशंट होतो. जुन्या चादरींच्या पट्ट्या हातापायाला गुंडाळायच्या, घसटत स्टेजवर यायचं आणि ओरडायचं, “कामियानो आले, कामियानो आले!” हवाई बेटांवरचे लोक डेमियनला कामियानो म्हणायचे. पाच वर्षांत माझा डायलॉग एवढाच.

पहिला अंक खरं सांगायचं तर बोअर होता. हवाईला जायचं होतं मोठ्या भावाला, तोही धर्मगुरूच, त्याला टायफस झाला म्हणून धाकट्याने थेट पॅरिसला वरिष्ठांना पत्र टाकून त्याची जागा मागितली, मग बोट, मग १९ मार्च १८६४ला होनोलुलू आणि दोनच महिन्यांत तिथेच गुरुदीक्षा. हे सगळं पडद्यामागून एक मुलगी वाचून दाखवायची आणि प्रेक्षकांत लहान पोरांची भांडणं चालू असायची.

खरी मजा मोलोकाईपासून. १८६५मध्ये तिकडच्या राजाने, पाचव्या कामेहामेहाने, कायदा केला की कुष्ठरोग झालेल्यांना वेगळं ठेवायचं, आणि १८६६पासून माणसं बोटीने मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडायला लागले. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा, पळणार कुठे? आमचा कडा म्हणजे जिन्याखालचा राखाडी पडदा, तो एकदा सीन चालू असतानाच खाली आला आणि मागे डबा खात बसलेले आमचे पीटीचे सर अख्ख्या हॉलला दिसले. डेमियन तिथे १० मे १८७३ला उतरला. चार फादरांनी पाळीपाळीने जायचं ठरलं होतं, हा पहिला गेला आणि तिथलाच झाला.

माझा सगळ्यात आवडता सीन पापनिवेदनाचा. वरिष्ठ फादर बोटीने आले पण त्यांना बेटावर उतरू देईनात, म्हणून डेमियन होडीतून बोटीजवळ गेला आणि खालूनच ओरडून त्याने आपली पापं सांगितली, बोटीवरच्या सगळ्यांसमोर. तेही फ्रेंचमध्ये, म्हणजे निदान सगळ्यांना कळू तरी नये. आता फ्रेंच आणायची कुठून? त्यामुळे दरवर्षी तो मुलगा बाकावर उभा राहून तोंडाला येईल ते बडबडायचा, एका वर्षी एकाने अख्खी आवर्तसारणी तोंडपाठ सुनावली, हायड्रोजन, हेलियम, लिथियम, नाकात बोलून. पहिल्या रांगेतल्या सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शवपेट्या डेमियन स्वतः ठोकायचा, शेकड्यांनी. घरं बांधली, पाण्याचे पाइप टाकले, जखमा धुतल्या, त्यांच्याच भांड्यातलं खाल्लं, त्यांना आपला पाइप ओढायला दिला. आठवीत मला बढती मिळाली, मेलेल्या पेशंटची. पुठ्ठ्याच्या पेटीत पडून वरून हातोडीचा आवाज ऐकायचा. तो मुलगा खोटंखोटं ठोकत होता तरी पोटात गोळा आलेला, आणि ती पाच मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

मग गरम पाण्याचा सीन. डिसेंबर १८८४, पाय उकळत्या पाण्यात भाजला आणि डेमियनला काहीच जाणवलं नाही, तेव्हा कळलं की त्यालाही कुष्ठरोग झालाय. वाफ दिसायला हवी म्हणून बादलीमागे चर्चमधलं धुपाटणं लपवायचे. एका वर्षी धूर इतका झाला की डेमियन ठसकायला लागला, पायाची संवेदना गेलेली पण खोकला काही थांबेना. त्यानंतर तो पेशंटांकडे वळून म्हणायचा, “आपण कुष्ठरोगी...” आणि तिथे मात्र दंगा करणारा हॉल चिडीचूप व्हायचा. शेवटी १५ एप्रिल १८८९, वय ४९, पडदा.

१९९५ला जूनमध्ये पोपनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं. पुढच्या गॅदरिंगला अनाउन्समेंट झाली, “सादर करत आहोत, धन्यवादित फादर डेमियन,” आणि मागून अख्खी सातवी ओरडली, “धन्यवाद!” २००९ला ते संत झाले तोवर आम्ही सगळे पांगलो होतो.

मध्यंतरी माजी विद्यार्थ्यांचं गेट-टुगेदर झालं तेव्हा इतिहासाचे सर आले होते, आता काठी घेऊन चालतात. मी नंतर वाचलेलं एक त्यांना सांगायचं होतं. डेमियनने भावाला लिहिलेलं पत्र आहे, १८७३च्या नोव्हेंबरातलं, म्हणजे बेटावर जाऊन पुरते सात महिनेही झाले नव्हते, अंगावर रोगाचा मागमूस नाही, आणि तेव्हाच तो लिहितो की प्रवचनात मी ‘माझ्या बंधूंनो’ म्हणत नाही, ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणतो. म्हटलं सर, आपल्या नाटकात ते वाक्य अकरा वर्षं उशिरा येतं की हो.

सर म्हणाले, “माहीत होतं रे मला. पण पहिल्या अंकात तुम्ही पोरं ऐकत कुठे होतात?”