खोकं बांधण्यापासून सुरुवात : आमची वाटचाल

आमच्याकडे लग्नातले हार येतात. त्यातली फुलं सुकवून, ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक रेझिनमध्ये बसवून आम्ही भिंतीवर किंवा टेबलावर ठेवता येतील अशा चौकटी करून देतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं कसब रेझिन ओतण्यात आहे. इतक्या लग्नसराया झाल्यावर आमचं मत वेगळं आहे. फुलांचं पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा ती आमच्या दारात येण्याआधीच, खोकं बांधताना ठरून गेलेलं असतं.

पुण्यात हे काम मी आणि माझ्या नणंदबाईंनी मिळून सुरू केलं. त्यांना रेझिनचे दागिने करण्याचा नाद होता, मला हिशेब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं जमत होतं. सुरुवातीचे हार ओळखीतल्यांचे, पुण्यातलेच. विधी आटोपले की कार्यालयातून कुणीतरी थेट घरी आणून द्यायचं, त्यामुळे पॅकिंग असा काही प्रश्नच नव्हता. मग २०२० साल आलं. त्या मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती. ज्यांना मांडवात जाता आलं नाही त्यांच्यासाठी तरी हार राहावा, असं अनेक घरांना वाटू लागलं. निर्बंध सैल झाले तसे कोल्हापूर, नाशिक, नागपूरहून फोन यायला लागले आणि पहिल्यांदा फुलं खोक्यात बसून प्रवासाला निघाली.

ती खोकी उघडताना आम्हाला खूप काही शिकायला मिळालं. प्रत्येक घरानं हार जिवापाड जपून पाठवलेला असायचा, आणि जपायचं म्हणजे ताजा ठेवायचा, या समजुतीनं त्यावर पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला असायचा. पूजेच्या फुलांना आपण तेच करतो, त्यामुळे त्यात कुणाचा दोष नाही. पण तोडल्यावरही फूल श्वास घेत असतं, त्यातून उष्णता आणि वाफ सुटते. बंद पिशवीत त्या वाफेचं पाणी होतं, पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि एका रात्रीत करडी बुरशी धरते. कोमेजलेल्या गुलाबाचं आम्ही काहीतरी करू शकतो. कुजलेल्याचं काहीच करता येत नाही.

वाट दाखवली ती मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांनी. तळेगावच्या परिसरातून व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब परदेशी जातात. तोडणी झाली की फुलं आधी पाण्याच्या बादलीत, मग २ ते ४ अंशांच्या शीतगृहात. नंतर २०-२० च्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीला पुठ्ठ्याचं वेष्टण, आणि खोक्याला हवेसाठी भोकं. पाणी देठाला द्यायचं, पाकळी कोरडी ठेवायची, हे तिथं काम करणाऱ्या बायकांच्या हातात इतकं मुरलेलं होतं की त्यांना विचारलं तर वेगळं काही सांगताही येईना. आम्ही उभं राहून नुसतं बघत होतो.

हाराला मात्र देठच नसतात. सुई फुलांच्या आरपार गेलेली, वर मांडवातला उकाडा आणि व्हिडिओवाल्यांचे दिवे. म्हणून आम्ही आमची पद्धत बसवली. हार गळ्यातून उतरला की सुती कापडावर आडवा पसरायचा आणि पंख्याखाली पाणी वाळू द्यायचं. अत्तर किंवा पाणी वरून मारायचं नाही. मग बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून बाहेरून वर्तमानपत्राच्या घड्या द्यायच्या. वर्तमानपत्र थेट लावलं तर पांढऱ्या फुलांवर शाई उतरते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, पण फ्रीझरमध्ये नाही आणि केळी, आंबे, सफरचंदांच्या शेजारी तर अजिबात नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं फुलं लवकर मिटतात. कार्नेशन तर लगेच झोपतं. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली, ती फ्रिजबाहेर सावलीतच बरी. थंडीनं त्यांच्यावर डाग पडतात. मे महिन्यात खोक्यात बर्फजेलची पाकिटं घालावी लागतात, तीही कागदात गुंडाळून आणि बाजूला टेपनं पक्की करून. गार पाकीट पाकळीला टेकलं की तिथंच दव धरतं.

लांबच्या गावाहून आम्हाला कुरियरपेक्षा रात्रीची ट्रॅव्हल्स जास्त भरवशाची वाटते. संध्याकाळी क्लीनरच्या हातात खोकं दिलं की सकाळी स्वारगेटला उतरवून घेता येतं. फक्त ते डिकीत, सामानाच्या ढिगाखाली जाऊ नये एवढं सांगून ठेवावं लागतं. एकदा एका कुरियरकडे एक हार शनिवार-रविवार गोदामात पडून राहिला आणि त्यातून आमच्या हाती चार शेवंत्या लागल्या. त्या मुलीच्या आईशी फोनवर बोलताना शब्द सुचत नव्हते. तेव्हापासून शुक्रवार-शनिवारी पाठवलेलं पार्सल आम्ही स्वीकारतच नाही.

फुलं आली की दोरा कापून प्रत्येक फूल सुटं करतो आणि सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत पुरतो. नारिंगी दाणे हिरवे झाले की त्यांनी ओलावा प्यायला असं समजायचं. भट्टीत तापवले की पुन्हा नारिंगी. इथं घाई चालत नाही. पाकळीच्या बुडाशी जरा ओल राहिली तरी रेझिनमध्ये तिच्याभोवती तपकिरी डाग उमटतो. रेझिनही एकदम ओतत नाही. घट्ट होताना ते तापतं, म्हणून थर देत जातो.

रंगाबद्दल आम्ही आधीच स्पष्ट बोलतो. लाल गुलाब सुकल्यावर काळपट मरून रंगाचा होणार, पांढरा सायीच्या रंगावर जाणार. झेंडू आणि पिवळी शेवंती रंग छान धरतात. मोगरा तपकिरी पडतो. निशिगंध मांसल असतो, त्याला वेळ लागतो आणि तोही पिवळसर होतो. सुकलेल्या फुलांना रंग मारून देणारे आहेत; आम्ही ते करत नाही, कारण त्या दिवशी गळ्यात जे होतं तेच त्या माणसाला परत मिळायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. हारवाल्याकडून त्याच गुलाबांची एक गड्डी वेगळी घेऊन पाण्यात ठेवा, असं मात्र सुचवतो. ती फुलं चौकटीत वापरली तर तसं सांगूनच.

काही घरांतल्या आजी नाराज असतात. निर्माल्य घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावं, असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं आम्ही मोडून काढत नाही. चौकटीत न गेलेली फुलं कचऱ्यात जात नाहीत, खतात जातात, आणि मागितली तर कापडी पिशवीत परत देतो. मुंडावळ्यांचे मोती आणि हाराची जरही त्यातच.

परदेशातल्या मराठी घरांना नाइलाजानं नाही म्हणावं लागतं. ताजी फुलं भारतात आणायची तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या कागदपत्रांच्या वेळात फुलं टिकत नाहीत. त्यांना तिथंच सिलिकात सुकवायची पद्धत आम्ही फोनवर समजावून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

यंदापासून पुण्याबाहेरच्या घरांना लग्नाच्या आठवडाभर आधी आम्ही रिकामं खोकंच पाठवणार आहोत. त्यात बटर पेपर, भोकं पाडलेला पुठ्ठा, बर्फजेलची पाकिटं आणि मोठ्या अक्षरांतली मराठी चिठ्ठी असेल, कारण हार बांधायचं काम बहुतेक घरांत मावशी किंवा काकांवर येतं आणि तोवर नवरा-नवरी वरातीत असतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त लागतात. तारीख ठरली की कळवा. लग्न रविवारी असेल तर हार त्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी पाठवा.