नॅशव्हिलहून आणलेली पेडल स्टील

अटलांटाहून नॅशव्हिलकडे निघाले, की चॅटनूगा मागे पडल्यावर थोड्याच वेळात घड्याळ एक तास मागे जाते, निकजॅक तलावावरचा पूल येतो आणि मग मॉन्टीगलचा घाट चढायला लागतो. सुमारे २५० मैलांचा हा रस्ता मला कामानिमित्त चांगलाच परिचयाचा झाला आहे. गेल्या ऑक्टोबरात मात्र मी गाडीची मागची आसने पाडून आणि त्यांवर दोन जाड गोधड्या अंथरून निघाले होते, कारण परतीच्या प्रवासात १९७०च्या दशकातील एक शो-बड पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी मांडून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पावलांनी पेडले दाबत वाजवायची गिटार, माझ्यासोबत येणार होती. हे वाद्य मी वर्षभर केवळ ऐकले होते, त्याला हात कधीच लावला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर पोहोचले. ज्या रायमन सभागृहात १९४३ पासून १९७४ पर्यंत ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम भरत असे, तेथून काही पावलांवर ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’ आहे. आज तिथे दिवसभर कंट्री संगीत चालते, पण शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी सुरू केलेल्या शो-बड कंपनीचे दुकान पूर्वी याच वास्तूत होते. मी स्टील वाजवणाऱ्याच्या शक्य तितक्या जवळची जागा धरली आणि तासभर त्याच्या हातांऐवजी त्याचे गुडघे आणि पावले पाहत बसले. डावे पाऊल घोट्यातून कलते, गुडघा किंचित बाहेर जातो, आणि वर वाजत असलेल्या तारेचा सूर वाजता वाजताच दुसऱ्या सुराला जाऊन मिळतो. आपल्याकडे जिला मींड म्हणतात ती इथे पावलातून निघत होती.

या घराण्याचे मूळ हवाई बेटांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू याने गिटारच्या तारांवरून धातूचा तुकडा सरकवून वाजवण्याची पद्धत रुजवली. जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हवाईयन गिटार म्हणून तो नाद ओळखीचा आहे, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर त्या वाद्यावर संपूर्ण राग मांडले. पण धातूचा तो तुकडा, म्हणजे बार, नुसता सरकवला, की सगळ्या तारा एकत्र वर किंवा खाली जातात, त्यांच्यातले आपापसातले अंतर बदलत नाही. ती अडचण पेडलांनी दूर केली. कंट्री गायक वेब पियर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले, आणि त्यानंतर नॅशव्हिलच्या वादकांना तोच आवाज हवासा वाटू लागला.

रविवारी सकाळी मर्फ्रीसबरोजवळच्या एका गावात, वाद्य विकणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी गेले. मॅपलच्या लाकडावर बारीक डोळ्यांची नक्षी होती, आणि पट्टीवर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी पत्त्यांची चिन्हे जडवलेली होती. मी बसायला स्टूल ओढणार, तोच त्यांनी मला थांबवले, गादीवर चादर पसरली आणि वाद्य चक्क पालथे घातले. “आधी हे पाहून घ्या,” ते म्हणाले, “वर काय घडते ते मग आपोआप कळेल.” खालच्या बाजूला आडवे दांडे होते, त्यांना जोडलेल्या लांब सळ्या उजव्या टोकापर्यंत गेल्या होत्या आणि तिथे प्रत्येक तारेसाठी वेगळा हलणारा तुकडा होता. त्यांनी हाताने एक दांडा फिरवला, तेव्हा एकच सळी ओढली गेली आणि एकाच तारेचा ताण वाढला. पाच मिनिटांत मला जे समजले, ते वर्षभर चित्रफिती पाहून समजले नव्हते.

नंतर वाद्य पायांवर उभे केले आणि सूर मिळवणे सुरू झाले. दहा तारांची ही ई-नाइन जुळणी. ई हा षड्ज धरला, तर पहिल्या तारेपासून रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प असा क्रम लागतो. सर्वांत उंच सूर तिसऱ्या तारेवर असतो, ही गोष्ट बोटांना पचायला वेळ लागतो. डावीकडचे पहिले पेडल दाबले, की पंचमाचा धैवत होतो, दुसरे दाबले, की गंधाराचा मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबली, तर सा-ग-प चे सा-म-ध होते आणि षड्ज मात्र जागचा हलत नाही. मी ती दोन पेडले कितीतरी वेळा दाबली आणि सोडली. एकाच जागी बसून घर बदलल्यासारखे वाटत होते.

खरा आनंद पुढे होता. गंधार मिळवताना ते गृहस्थ सूर दाखवणाऱ्या यंत्राच्या काट्याकडे पाहत होते, पण काटा मध्यावर आला तरी समाधान होईना. खुंटी थोडी उतरवत ते तारांच्या जोडीतली थरथर ऐकत राहिले आणि ती थांबल्यावरच त्यांनी हात काढला. काटा तेव्हा सुरापेक्षा बराच खाली होता. शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे १४ भाग उतरलेला असतो, आणि अनेक स्टीलवादक तो असाच कानाने लावतात. सांगलीला माझ्या गुरूंच्या घरी मिरजेचा तंबोरा होता. खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ऐकू आल्याशिवाय त्या आम्हाला तोंड उघडू देत नसत, आणि पेटीचा गंधार चढा लागतो म्हणून पेटी बंद ठेवीत. टेनेसीतल्या त्या खोलीत मला नेमका तोच गंधार ऐकू आला. माझे डोळे भरून आले, आणि त्याचे कारण मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मला तो सूर गाऊन दाखवायला लावला.

बार मात्र दाद देत नव्हता. पट्टीवर पडदे नाहीतच, केवळ रेघा आहेत. बार रेघेच्या नेमका वर, तिला समांतर धरावा लागतो, बसण्याची जागा जराशी सरकली तरी नजर फसते, आणि शेवटी कानच कामाला येतो. अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, उजवे पाऊल आवाजाच्या पेडलवर, डावे सुरांच्या पेडलवर. हे सगळे सांभाळताना दुपारी तिसरी तार तुटली. हीच तार सर्वांत जास्त तुटते असे सांगून त्यांनी ०.०११ इंच जाडीच्या चार तारा केसमध्ये ठेवल्या.

परतीच्या वाटेवर तो मिळालेला तास पुन्हा गेला, आणि घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. केससकट सुमारे २० किलोंचे ते वाद्य आम्ही दोघांनी आत आणले, पाय बसवले, सळ्या जोडल्या. प्रवासात सूर हलले होते. मी षड्ज मिळवला, मग काटा झाकून गंधार उतरवत नेला आणि थरथर थांबल्यावर दुसरे पेडल दाबले. मध्यम किंचित चढा लागला. उजव्या टोकाशी नायलॉनचा एक छोटा नट असतो, तो मी जरासा मागे फिरवला आणि पेडल पुन्हा दाबले.